तगरची वाट, गोरोबांची थाप

तेरला गेलं की त्रिविक्रमाचं देऊळ आधी मागच्या बाजूने पाहावं. समोरचा मंडप नंतर जोडलेला आहे. देवळाचं खरं वय मागे दिसतं. हेमाडपंती देवळांच्या कोनाकोपऱ्यांना सरावलेली नजर इथेही कोपरा शोधते आणि तो सापडत नाही. विटांची भिंत सरळ येते आणि घोड्याच्या नालासारखी वळून परत जाते. वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं गोलसर आहे. आत विष्णू उभा आहे, बळीच्या गोष्टीतला, एक पाय उचललेला. गाव त्याला त्रिविक्रम म्हणून हात जोडतं. पण या वास्तूचा घाट कार्ल्या-भाज्याच्या चैत्यगृहांचा आहे. आंध्रातलं चेजर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर तिच्या नात्यातलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्व खात्याचा हेन्री कझेन्स इथे आला. तेव्हापासून अनेक अभ्यासक हे देऊळ म्हणजे मूळचं बौद्ध चैत्यगृह, असं मानत आले आहेत.

इथून धाराशिव वीसेक किलोमीटर. शहराबाहेरच्या डोंगरात लेणी आहेत आणि त्यांतल्या मोठ्या लेण्याच्या गाभाऱ्यात पार्श्वनाथ बसलेले आहेत. या लेण्याची मांडणी अजिंठ्याच्या विहारांची आठवण करून देते, म्हणून तीही मुळात बौद्धांची असावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे. जैन परंपरा मात्र त्यांची कथा वेगळी सांगते. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरात येतो, तिथे त्याला जुनं लेणं आणि पार्श्वनाथाची मूर्ती सापडते, आणि तो आणखी लेणी खोदवतो. म्हणजे त्या काव्यातसुद्धा लेणं राजाच्या आधीचंच आहे. आपल्या आधी इथे कुणीतरी होतं, ही जाणीव या मुलखाच्या गोष्टींतच मुरलेली आहे.

धर्मांमधल्या साम्याविषयी बोलायला मला तेरपेक्षा चांगली जागा माहीत नाही. हा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, सगळे धर्म शेवटी सारखेच. दुसरा म्हणतो, त्यांनी आमचंच उचललं. ही दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याला पुढे विचार करण्यापासून सोडवतात. तेरहून एक वाट थेट अशा जगात जाते, जिथे ख्रिस्ती धर्म नुकताच जन्माला आला होता आणि जिथे हाच वाद पेटला होता. त्या वाटेने जाऊन पाहू.

कापडाच्या गाड्या

जुन्या ग्रीक ग्रंथांतलं तगर म्हणजे कुठलं गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. कुणी जुन्नर म्हटलं, कुणी देवगिरी. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडलं आणि ते टिकलं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तच्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातल्या बंदरांची एक माहितीवही लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तीत भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण सांगितलं आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान खडे जात. तगरहून जाई ते मुख्यतः कापड: साधं, मलमलीचं, रंगीत. वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून हा माल भडोचला पोचे, तिथून मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्रात, मग वाळवंट ओलांडून नाईल नदीने अलेक्झांड्रियाला.

या जाण्यायेण्याच्या खुणा तेरच्या मातीत अजून सापडतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवरून आयुष्यभर वेचून आणलेल्या वस्तूंतून इथलं संग्रहालय उभं राहिलं. त्यात मणी आहेत, शंखाचे दागिने आहेत, पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत, रोमन नाण्यांच्या धाटणीची मातीची पदकं आहेत. आणि एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आहे. तिची एक बहीण इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ मध्ये सापडली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडलं गेलं, त्यामुळे तिकडची मूर्ती त्याआधीच आपल्याकडून गेलेली होती, यात शंका नाही. भोकरदन-तेरच्या बाजूला ती घडली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं.

त्या उद्रेकात प्लिनी नावाचा रोमन आरमाराचा अधिकारी मरण पावला. तो मोठा ग्रंथकार होता. हिंदुस्थान दर वर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. त्या पाच कोटींत तगरच्या विणकरांचाही थोडा वाटा असणार. या प्लिनीचा भाचा तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्याने तो उद्रेक लांबून पाहिला. मामाने त्याला दत्तक घेतलं होतं, म्हणून त्याचंही नाव प्लिनी. मामाच्या लिखाणात आपल्याला तगरच्या वाटेचा हिशेब मिळतो. भाच्याच्या पत्रात ख्रिस्ती धर्माच्या लहानपणाचं, बाहेरच्या माणसाने पाहिलेलं, सगळ्यात जुनं सविस्तर चित्र मिळतं.

दोन दासी

धाकटा प्लिनी इ. स. ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया प्रांताचा कारभारी होता. त्याच्यापुढे एक नवीनच प्रकरण आलं. लोकांची नावं येत होती, आरोप एकच: हे ख्रिस्ती आहेत. काय करावं, हे विचारायला त्याने ट्राजन बादशहाला पत्र लिहिलं. ही लागण शहरांत आहे तशी खेड्यांत आणि शेतशिवारातही पसरली आहे, देवळं ओस पडत चालली होती, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं, असं तो सांगतो. हे लोक करतात तरी काय? ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गाणं म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, आणि नंतर एकत्र साधं जेवण जेवतात.

पहाटेचं भजन, नेमाची शपथ, मग पंगत. वारीला गेलेल्या कुठल्याही माणसाला हे ओळखीचं वाटेल. त्या काळच्या रोमन माणसालाही यातलं काही फार अनोळखी नव्हतं. मिथ्र देवाचे उपासक गुहेसारख्या खोल्यांत एकत्र जेवत. इजिप्तची इसिस देवी रोममध्ये पोचली होती आणि तिच्या दीक्षेत शुद्धीचं स्नान होतं. व्यावसायिकांच्या संघांचीही सहभोजनं होत. मग या नव्या पंथाकडे माणसं का वळत होती?

उत्तराचा एक धागा त्याच पत्रात आहे. खरं काय ते काढून घ्यायला प्लिनीने दोन दासींचा छळ केला. या दासींना त्यांच्या मंडळीत सेविकेचं पद होतं, असं तो लिहितो. त्याला यात वेडगळ अंधश्रद्धेपलीकडे काही दिसलं नाही. त्या दोघींची नावंही त्याने नोंदवली नाहीत. रोमन कायद्याच्या लेखी त्या मालकाच्या वस्तू होत्या. पण पहाटेच्या त्या जमावात त्यांच्या शब्दाला मान होता.

हे सहज घडलेलं नव्हतं. साठेक वर्षं आधी पौल गावोगाव फिरत होता, चामड्याचे तंबू शिवून पोट भरत होता आणि लोकांच्या घरांत मंडळ्या उभ्या करत होता. त्याने ज्यू आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत असं लिहिलं. लिहिणं सोपं होतं. पंगत बसवणं अवघड. करिंथ शहरातल्या मंडळीत प्रभुभोजनाला श्रीमंत आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि दिवसभर राबून उशिरा आलेला गरीब उपाशी राहत असे. पौलाने त्यांना पत्रातून फटकारलं. देवाच्या मंडळीचा तुम्ही अपमान करता आहात, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना खाली पाहायला लावता आहात, असा त्याचा सूर आहे. इ. स. ५५ च्या आसपासचं हे पत्र. म्हणजे पंगतीचं भांडण ख्रिस्ती धर्माइतकंच जुनं आहे. आणि त्या धर्माचा जोर किती खरा, हे मोजायचं मापही तेच राहिलं आहे.

तुमच्यात नवीन काय?

दुसऱ्या शतकात हे लोक नजरेत भरण्याइतके वाढले आणि साम्याचा वाद सुरू झाला. केल्सस नावाच्या विद्वानाने इ. स. १७८ च्या सुमारास त्यांच्यावर ग्रंथच लिहिला. त्याचं म्हणणं असं, की तुमच्यात नवीन काहीच नाही. देवाच्या पोटी जन्मलेली माणसं आमच्या पुराणांत कितीतरी आहेत, तुमची नीती आमच्या तत्त्वज्ञांनी आधीच सांगितली आहे. केल्ससचा राग साम्यावर होता तितकाच या धर्मात कोण जातं यावरही होता. लोकर विंचरणारे, चांभार, परीट, बायका, पोरं, दास, असे लोक हे जमवतात, हे त्याला खुपत होतं.

त्याच्या थोडं आधी जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने याच प्रश्नाला दोन उत्तरं दिली होती. मिथ्राच्या दीक्षेत भाकरी आणि पाण्याचा प्याला असतो, ते सैतानांनी आमच्या भोजनाची केलेली नक्कल आहे, हे त्याचं एक उत्तर. ते रागाचं होतं. दुसरं उत्तर मोठ्या मनाचं होतं. देवाच्या शब्दाची बीजं सगळ्या माणसांत पेरलेली आहेत, म्हणून सॉक्रेटिससारखे जे विवेकाने जगले ते ख्रिस्ताच्या आधीचे ख्रिस्तीच, असं तो म्हणाला. एकाच माणसाच्या हातून एकाच ग्रंथात ही दोन्ही उत्तरं लिहिली गेली. पुढच्या शतकांत जिथे जिथे मिशनरी गेले, तिथे तिथे ही दोन उत्तरं जोडीने गेली. १६५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिनचा शिरच्छेद झाला.

तगरचं कापड ज्या अलेक्झांड्रियात उतरत होतं, तिथे इ. स. २०० च्या सुमारास क्लेमेंट नावाचा ख्रिस्ती गुरू शिकवत होता. त्याच्या ग्रंथात एक छोटी नोंद आहे: हिंदी लोकांत काही जण ‘बुट्टा’च्या उपदेशाने चालतात आणि त्याच्या अलौकिक पावित्र्यामुळे त्याला देवासारखं मानतात. बुट्टा म्हणजे बुद्ध. कापड आणि मणी ज्या गाड्यांतून गेले, त्याच वाटेने हे नावही गेलं असेल. पाठवणाऱ्या गावात तेव्हा बुद्धाची पूजा होत होती. तेरच्या उत्खननात विटांच्या मोठ्या स्तूपाचे सातवाहनकालीन अवशेष निघाले आहेत. भिक्खू व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर प्रवास करत, सह्याद्रीच्या घाटांच्या तोंडाशी लेण्यांत मुक्काम करत. पौलही व्यापारी जहाजांतूनच हिंडत होता. दोन्ही धर्म जन्मावर न थांबता आवाहनावर चालणारे होते. कुणीही ये, असं म्हणणाऱ्याला रस्ता लागतो, आणि तो रस्ता व्यापाऱ्यांनी आधीच पाडून ठेवलेला होता.

जुन्या भिंती, नवा देव

चौथ्या शतकात चित्र पालटलं. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, ३८० मध्ये तो साम्राज्याचा धर्म झाला. काल छळ सोसणाऱ्यांच्या हाती सत्ता आली आणि त्यांच्यातल्या काहींनी तिचा वापर दुसऱ्यांची देवळं पाडायला केला. अलेक्झांड्रियाचं सेरापिसचं भव्य देऊळ ३९१ मध्ये उद्ध्वस्त झालं. धर्माचा इतिहास सांगताना हे पान वगळून पुढे जाता येत नाही.

दुसरी वाटही होती. ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मगुरूला पत्र पाठवलं. काही दिवसांपूर्वीच त्याने तिथल्या राजाला देवळं पाडायला सांगितलं होतं. आता विचार करून त्याने मत बदललं होतं. मूर्ती काढा, देवळं पाडू नका. पवित्र पाणी शिंपडा आणि तिथेच वेदी मांडा, म्हणजे लोक आपल्या ओळखीच्या जागी येत राहतील. ते बैल कापून सण करतात, तो सणही राहू दे, देवाच्या नावाने होऊ दे. आठ वर्षांनी, ६०९ मध्ये, रोममधलं सर्व देवांचं देऊळ, पँथिऑन, याच रीतीने मरियेचं चर्च झालं. म्हणूनच ते आजपर्यंत उभं आहे.

तेरच्या त्रिविक्रमाची भिंतही तशीच टिकली. ज्या वास्तूत नवा देव आला, तिच्या विटा शाबूत राहिल्या. जी ओस पडली, तिच्या विटा गावाच्या घरांत गेल्या.

इथे एका साम्याकडे नीट पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने कार्ल्याचं चैत्यगृह पाहिलं, तेव्हा त्याला युरोपातल्या कॅथीड्रलची आठवण झाली: मधली लांब जागा, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी अर्धगोल. तेरलाही तोच अर्धगोल. यात कुणी कुणाचं उचललं? कुणीच नाही. चर्चला हा आकार रोमन सभागृहांकडून मिळाला, चैत्यगृहाला लाकडी कमानींच्या देशी बांधणीतून. पुष्कळ माणसांना एका छपराखाली एका दिशेला पाहत बसवायचं, तर लांबट दालन आणि टोकाला मानाची जागा हे ओघानेच येतं. फरक त्या अर्धगोलाच्या आत आहे. चैत्यात तिथे स्तूप असतो आणि भिंत वळते ती प्रदक्षिणा घालणाऱ्यासाठी. चर्चमध्ये तिथे बिशपचं आसन असे. त्याच्याकडे तोंड करून लोक ऐकत. घाट एक, पावलं वेगळी.

जोसाफत आणि कान्हेरी

गोष्टी मात्र खरोखरच इकडून तिकडे गेल्या. राजपुत्राला दुःख दिसू नये म्हणून बापाने महालात कोंडलं, तरी त्याला रोगी, म्हातारा आणि मृत्यू दिसलाच, आणि तो राज्य सोडून निघाला. ही बुद्धाची कथा मध्य आशियातून अरबीत गेली. तिथे ‘बोधिसत्त्व’ शब्दाचा बुदासफ झाला. अरबीतून जॉर्जियन भाषेत, तिथून अकराव्या शतकाच्या सुमारास ग्रीकमध्ये आणि मग लॅटिनमध्ये जाता जाता बुदासफचा जोसाफत झाला. बार्लाम नावाच्या साधूने ख्रिस्ती केलेला हिंदी राजपुत्र म्हणून युरोपभर त्याची भक्ती झाली. रोमन कॅथलिक संतांच्या यादीत २७ नोव्हेंबरला त्याचं नाव आलं.

ही गोष्ट फिरून महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागली. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु मुंबईजवळच्या साष्टी बेटावर कान्हेरीची लेणी पाहायला गेला. हे कुणी खोदलं, असं त्याने तिथल्या एका फार म्हाताऱ्या माणसाला विचारलं. संत जोसाफतच्या बापाने, मुलाला एकांतात वाढवायला, असं म्हाताऱ्याने सांगितलं. कोतुने बुद्धाचं चरित्र ऐकलेलं होतं. हा जोसाफत म्हणजे तोच बुद्ध असेल, असं त्याने लिहून ठेवलं. वसईच्या मुलखातल्या त्या म्हाताऱ्याला चर्चमध्ये ऐकलेली गोष्ट डोंगरातल्या लेण्याला लावावीशी वाटली आणि नकळत ती तिच्या मूळ घरी पोचली.

ख्रिस्ती धर्म या किनाऱ्याला पोर्तुगीजांच्या आधीच आला होता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने कल्याणला इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलं आहे. तो व्यापाऱ्यांबरोबर आलेला, सत्तेशिवायचा धर्म होता. सोळाव्या शतकात आलेला धर्म तोफांच्या सोबतीने आला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, १५६७ च्या सुमारास तिथल्या साष्टीतली देवळं पाडली गेली. लोक मूर्ती घेऊन नदीपार गेले. जस्टिनचं रागाचं उत्तर इथे सरकारी हुकूम झालं.

गोव्याच्या त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट दीर्घकाळ राहिला. १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. देवळं गेली तशी पुराणंही गेली होती, आणि नव्या ख्रिस्ती लोकांना वाचायला-ऐकायला काही उरलं नव्हतं. जुनं वाचू नका म्हणता, तर तसलं नवं आम्हाला द्या, ही त्यांची मागणी स्टीफन्सच्या ग्रंथातच नोंदवलेली आहे. ती त्याने मनावर घेतली. १६१६ मध्ये राशोलला ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं: दोन भाग, सुमारे अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत मराठी. आदमापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा तिथे आपल्या ओवीत वाहते आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणते. पैठणला एकनाथांना समाधी घेऊन तेव्हा सतराच वर्षं झाली होती. परदेशी पाद्र्याला मराठी इतकी का गोड वाटली, हे त्याने ग्रंथाच्या आरंभी ओव्यांतूनच सांगितलं आहे.

स्टीफन्सला साम्याची किंमत कळली होती. माणसाचा देव एका दिवसात बदलता येतो, त्याच्या कानातली लय बदलायला पिढ्या जातात. ज्या लयीत आईने ओव्या म्हटल्या, त्याच लयीत नवी कथा आली तरच ती घरात राहते. ज्या सत्तेने देवळं पाडली, तिच्याच आसऱ्याने तो लिहीत होता, हेही खरं. त्या ओव्यांचं सौंदर्य मान्य करताना हे दुःखही मान्य करायला हवं.

तुकोबांचा पूल

१८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला आलं, पुढे सोलापूरलाही त्याचं ठाणं झालं. निजामाच्या हद्दीतलं धाराशिव त्या ठाण्याच्या शेजारीच. या मिशनमध्ये पुढे कवी नारायण वामन टिळक आले. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला; १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी शेकडो भजनं लिहिली; ती आजही मराठी चर्चमध्ये टाळ-पेटीवर गायली जातात. चर्चमध्ये ती ऐकताना वारकऱ्यालाही थबकावंसं वाटेल.

पण टिळक पुलावरून पलीकडे गेले ते पूल सुंदर होता म्हणून नव्हे. पलीकडे त्यांना काहीतरी निराळं दिसलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे फार जवळून कळतं. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्यांचं घर मोडलं. परत एकत्र आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं, आपली चूल सोडली नाही. जात माणसाने केली, देवाने नाही, हे त्यांना स्वतःला पटलं, तेव्हा त्या सगळ्यांच्या हातचं खाऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. देवाविषयीच्या वादाआधी पंगतीचा प्रश्न सुटला होता. करिंथमध्ये पौल जिथे अडला होता, तिथूनच लक्ष्मीबाई पार झाल्या.

जिथे पंगत बसली नाही, तिथे धर्मांतर नावापुरतं राहिलं. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातवार बसणं इतकं रुजलं होतं, की १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सनला त्याविरुद्ध आज्ञापत्र काढावं लागलं, आणि तरीही ते मिटलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या डोळ्यांसमोर हे सगळं होतं. येवल्यातल्या धर्मांतराच्या घोषणेनंतर, जानेवारी १९३८ मध्ये, ते सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. सगळ्या धर्मांचा अभ्यास करताना आपल्याला मोहवणारी दोनच माणसं भेटली, बुद्ध आणि ख्रिस्त, असं त्यांनी सांगितलं. मग त्याच व्यासपीठावरून त्यांनी खडे बोलही सुनावले. अस्पृश्याला बाप्तिस्मा दिला की मिशनऱ्याला काम संपल्यासारखं वाटतं, त्याच्या राजकीय हक्कांकडे तो पाहत नाही. बुद्ध आणि ख्रिस्त यांच्यातलं साम्य बाबासाहेबांइतकं कुणी ओळखलं असेल? तरी निवड करताना त्यांनी साम्यावर भरवसा ठेवला नाही. माणूस म्हणून उभं राहायला आपल्या लोकांना कुठे जागा मिळेल, हे त्यांनी तपासलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बुद्धाला शरण जाण्याचा मार्ग स्वीकारला. मराठवाड्याच्या गावागावांत, तेरच्या परिसरातही, शतकांनंतर बुद्धवंदना पुन्हा ऐकू येऊ लागली.

थापटणं

तेरला त्रिविक्रमाच्या देवळाइतकाच मान गोरोबाकाकांच्या समाधीला आहे. कुंभाराच्या चाकावर बसून विठ्ठलाचं नाव घेणारा हा संत. कुंभार आणि मातीचं रूपक ख्रिस्ती धर्मग्रंथातही ठायी ठायी आहे. यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो आणि बिघडलेलं मडकं पुन्हा घडताना पाहतो. पौल माणसाला मातीचं भांडं म्हणतो, ज्यात देवाचा ठेवा असतो. इथे कुणी कुणाचं घेतलं नाही. जिथे चाक फिरतं, तिथे माणसाला आपली माती आठवते.

पण गोरोबांची गोष्ट याच्याही पुढे जाते. त्यांच्या घरी संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, काका, हे काय? मडकं कच्चं की पक्कं ते पाहायचं, असं उत्तर मिळालं. मग आमचीही पारख करा, म्हणाल्या. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थाप मारली. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे चिडले. हे मडकं कच्चं, असं गोरोबा म्हणाले. दुखावलेले नामदेव पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि तिथे पक्के झाले.

चुलीजवळ ओळीने मांडलेली मडकी दिसायला सारखीच असतात. भजन, शपथ, स्नान, उपास, माळ, घंटा, दिवे, अर्धगोल गाभारा: धर्मांची मडकीही अशी ओळीने मांडता येतात, आणि त्यांचं साम्य पाहून आनंद व्हावा हे योग्यच आहे. त्या साम्यामुळेच ओवी गोव्यात मरियेच्या अंगणात गेली, तुकोबांनी टिळकांना हात दिला. पण साम्य माणसाला दारापर्यंत आणतं. आत तो टिकतो की नाही, हे ठरतं ते ज्याला कुणी विचारत नाही त्याच्यासाठी पंगतीत जागा आहे की नाही यावर. बिथिनियातल्या त्या दोन दासींना ती मिळाली होती. करिंथच्या उशिरा आलेल्या मजुराला ती मिळत नव्हती. धर्म एकच होता, तरी एका ठिकाणी थाप खणखणीत वाजली आणि दुसरीकडे बद्द.

तेरला संध्याकाळी तेरणेकाठी थांबलं की कधी समाधीकडून टाळांचा आवाज येतो. मागे त्रिविक्रमाची भिंत वळलेली असते, आधी कुणासाठी, नंतर कुणासाठी. त्या वळणावर हात ठेवताना वाटतं, या गावाने देवांना नेहमीच जागा दिली. आता आपल्यापैकी प्रत्येकाने, कोणत्याही देवाला हात जोडत असू, आपलं मडकं पुढे करून गोरोबांच्या थापटण्याखाली डोकं धरावं. चिडलो, तर अजून भाजायचे आहोत.